जाड, कठीण लाकूड टेबल सॉवर उभं चिरताना करपू नये, अडकू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साग, शिसव, बाभूळ, ओक, मेपल, अक्रोड अशा लाकडांच्या ४० ते ७५ मिमी जाडीच्या फळ्या टेबल सॉवर (टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतयंत्रावर) रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने चिरताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट निघते. पुढच्या दात्यांखेरीज पात्याचा आणखी कुठला तरी भाग लाकडाला टेकत असतो. तो कुठे टेकतो हे शोधलं की अर्धं काम झालं. मोजमापं १० इंची, म्हणजे २५४ मिमी व्यासाच्या पात्याला धरून दिली आहेत.

१. लाकूड करपतं तेव्हा नेमकं काय होत असतं?

दाता लाकडात शिरून ढलपी काढतो, तेव्हा तयार झालेली बरीचशी उष्णता त्या ढलपीबरोबर निघून जाते. दाता ढलपी न काढता नुसता घासत राहिला, तर ती उष्णता पात्यात आणि लाकडात साठते. मिनिटाला ४००० फेरे घेणाऱ्या १० इंची पात्याच्या दात्याचं टोक सेकंदाला सुमारे ५३ मीटर धावतं, म्हणजे ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. या वेगाने एकाच जागी क्षणभर घासलं तरी तपकिरी पट्टा उमटतो. शिवाय तापलेलं पातं सरळ फिरत नाही, किंचित लहरतं, त्यामुळे आणखी घासतं आणि आणखी तापतं.

जाड लाकडात पात्याचा मोठा भाग बुडालेला असतो आणि भुशाला बाहेर पडायची वाट लांब असते. म्हणून १८ मिमीच्या फळीत लपून राहिलेला दोष ५० मिमीच्या फळीत लगेच दिसतो. चेरी आणि मेपल ही लाकडं सगळ्यांत आधी करपतात. यंत्राची जुळणी तपासायची असेल तर मेपलचा तुकडा चिरून पाहावा, तो काही लपवत नाही.

२. माझ्या लाकडावर फक्त डाग पडतात, पातं कधी अडकलेलं नाही. मग काळजी करायची का?

करायची. पात्याचे पुढचे दाते खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते मात्र टेबलातून वर उसळत असतात. लाकूड मागच्या दात्यांना हलकं टेकलं तर डाग पडतो. तेच लाकूड जोरात टेकलं तर ते दाते त्याला उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. त्यालाच किकबॅक म्हणतात. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, फरक असतो तो जोराचा. डाग घासून काढता येतो म्हणून तो सोडून देऊ नका, त्याची जागा पाहा (प्रश्न ९).

३. उभ्या चिरकामासाठी पातं कोणतं घ्यावं?

२४ दात्यांचं, खास उभ्या चिरकामासाठी बनवलेलं. त्याच्या दात्यांचे माथे सपाट असतात, दाते पुढे साधारण २० अंश झुकलेले असतात आणि दोन दात्यांमधली खोबण खोल असते. उभ्या चिरेत लांब, धाग्यासारख्या ढलप्या निघतात. त्यांना लाकडातून बाहेर पडेपर्यंत बसायला जागा लागते आणि ती या खोबणीत मिळते.

दात्यांच्या संख्येने काय फरक पडतो, ते आकड्यांत पाहा. ५० मिमी जाड लाकडात, पातं लाकडाच्या वर थोडंसंच निघालेलं असताना, २४ दात्यांच्या पात्याचे एका वेळी दोन-तीन दाते लाकडात असतात आणि ६० दात्यांच्या पात्याचे सहा-सात. लाकूड मिनिटाला ३ मीटर वेगाने सरकवलं तर २४ दात्यांचा प्रत्येक दाता सुमारे ०.०३ मिमीची ढलपी काढतो. ६० दात्यांचा दाता जेमतेम ०.०१२ मिमी. इतकी पातळ ढलपी म्हणजे पीठच. त्या पिठाने खोबण भरते आणि दाता कापायचं सोडून घासायला लागतो.

४. पण ६० दात्यांचं पातं जास्त गुळगुळीत कापतं ना?

आडवं कापताना, आणि प्लायवुडमध्ये, हो. जाड कठीण लाकूड उभं चिरताना तेच पातं करपवतं आणि करपलेली कड गुळगुळीत असून उपयोगाची नसते. ४० ते ५० दात्यांचं मिश्र पातं असेल तर २५ मिमीपर्यंत निभावतं. त्यापुढे मी ते वापरत नाही. उभं चिरण्याचं चांगलं पातं, नीट जुळवलेल्या यंत्रावर, अशी कड देतं की रंध्याचा एक हात फिरवला की डिंक लावून जोडता येते.

५. पातळ चिरेचं पातं घ्यावं की पूर्ण जाडीचं?

पूर्ण जाडीच्या पात्याची चीर ३.२ मिमी असते, पातळ पात्याची २.४ मिमीच्या आसपास. पातळ पातं चौथाई लाकूड कमी काढतं, म्हणून १.५ अश्वशक्तीच्या मोटरला ते झेपतं. मात्र ते तापल्यावर लवकर लहरतं. मोटर ३ अश्वशक्तीची असेल तर पूर्ण जाडीचं घ्या. मोटर लहान असेल तर पातळ घ्या, पण त्याबरोबर प्रश्न १४ नक्की वाचा, कारण पातं बदललं की पात्यामागची पट्टीही, म्हणजे रायव्हिंग नाइफ (प्रश्न ११), तपासावी लागते.

६. पातं लाकडाच्या वर किती काढायचं? कुणी दाताभर सांगतं, कुणी पूर्ण वर.

कमीत कमी इतकं, की खोबणीचा तळ लाकडाच्या वर दिसावा. त्यापेक्षा खाली ठेवलं तर भुसा बाहेर फेकला जात नाही, चिरेतच फिरत राहतो.

आता जास्त वर काढण्याबद्दल. ५० मिमी लाकडात पातं ५६ मिमी वर असेल तर प्रत्येक दाता लाकडातून सुमारे ८५ मिमीची वाट कापतो. पातं ७५ मिमी वर काढलं तर तीच वाट ६५ मिमीवर येते. घासणं कमी होतं, मोटर हलकी चालते आणि दात्याचा जोर तुमच्याकडे येण्याऐवजी जास्त करून खाली टेबलावर जातो. म्हणून जाड लाकूड करपत असेल तर पातं वर काढल्याने खरोखर फरक पडतो. पण उघडं पातंही तितकंच वाढतं. वरचं झाकण जागेवर असेल आणि हात पात्याच्या जवळ न नेता लाकूड ढकलता येत असेल, तरच पातं जास्त वर काढा.

७. लाकूड किती वेगाने सरकवायचं? मी सावकाश, जपून सरकवतो, तरी करपतं.

सावकाश सरकवता म्हणूनच करपतं. घाबरून हळू ढकलणं हे करपण्याचं मला सगळ्यांत जास्त आढळलेलं कारण आहे आणि ते समजण्यासारखंही आहे. पण प्रत्येक दात्याला कापायला काहीतरी मिळालं पाहिजे.

वेग कानाने ठरवा. रिकाम्या मोटरचा सूर ऐकून ठेवा. लाकूड शिरल्यावर तो सूर थोडा खाली यावा आणि तिथेच स्थिर राहावा. सूर अजिबात उतरला नाही तर तुम्ही फार हळू आहात. तो सारखा घसरतच गेला तर फार जोरात ढकलताय. दुसरी खूण भुशाची. चिमूटभर भुसा बोटांत घेऊन चोळा. त्यात बारीक काड्यांसारखे तुकडे लागले तर वेग बरोबर. टाल्कम पावडरीसारखं मऊ लागलं तर पातं घासतंय. भुसा तपकिरी दिसला तर आधीच करपायला लागलंय.

आणि मध्येच थांबू नका. हात बदलायला लागणार असतील तर एक हात ढकलत असतानाच दुसरा जागा घेईल असं करा. चीर सुरू करण्यापूर्वी यंत्र बंद ठेवून पूर्ण हालचाल एकदा कोरडी करून पाहा. पुश स्टिक, म्हणजे हात लांब ठेवून लाकूड ढकलायची काठी, हाताला लागेल तिथेच ठेवलेली असावी.

८. फेन्स (लाकडाची कड जिला टेकवून सरकवतात ती सरळ आडपट्टी) पात्याला अगदी समांतर हवी की मागे थोडी उघडी?

आधी पातं टेबलावरच्या लांब खाचेला (आडवं कापायचा सरकता आधार जिच्यात बसतो ती) समांतर करा, मग फेन्स त्याच खाचेला. हा क्रम उलटा केलात तर एक दोष दुसऱ्यात लपतो. पातं तपासताना एकाच दात्यावर खूण करा. तो दाता पुढे असताना खाचेपासूनचं अंतर मोजा, पातं हाताने फिरवून तोच दाता मागे आणा आणि पुन्हा मोजा. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. हे करताना प्लग काढलेला असावा.

फेन्स मी मागच्या टोकाला ०.१ ते ०.२ मिमी उघडी ठेवतो. अगदी समांतरही चालते. मागच्या टोकाला पात्याकडे झुकलेली फेन्स मात्र कधीच चालणार नाही, कारण मग लाकूड पाचरीसारखं फेन्स आणि मागच्या दात्यांमध्ये रुततं. फेन्सची कडी घट्ट केल्यावर पुन्हा मोजा. काही फेन्स आवळतानाच अर्धा मिलिमीटर सरकतात.

९. डाग कुठे पडलाय त्यावरून कारण ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. चिरलेले दोन्ही तुकडे पात्यातून निघाले त्याच क्रमाने शेजारी ठेवा आणि खिडकीच्या उजेडात तिरपे धरा.

फेन्सकडच्या तुकड्यावर सलग, लांब डाग असेल तर फेन्स मागे पात्याकडे झुकली आहे. बाहेरच्या तुकड्यावर सलग डाग असेल तर फेन्स मागे गरजेपेक्षा जास्त उघडी आहे, किंवा तुम्ही बाहेरचा तुकडा हाताने पात्याकडे दाबताय. बाहेरच्या तुकड्याला चिरताना हात लावायचा नसतो. दोन्ही तुकड्यांवर सारखाच डाग असेल तर जुळणीचा विचार नंतर करा, आधी पातं बोथट किंवा राळेने माखलेलं आहे का ते पाहा (प्रश्न १७). चीर मिटत असली तरीही दोन्हीकडे डाग येतात (प्रश्न १२).

डागाचा आकारही बोलतो. धनुष्यासारखा वळलेला एकच काळा पट्टा म्हणजे तिथे हात थांबला होता. पात्याची गोलाई हुबेहूब त्या पट्ट्यात उतरलेली असते. असे पट्टे ठरावीक अंतराने आले असतील तर त्यांतलं अंतर मोजा, ते तुमच्या एका ढकलण्याइतकंच निघेल. फक्त शेवटच्या हातभर लांबीत डाग असेल तर फळी मागच्या बाजूला खाली लोंबतेय. पात्यापलीकडे आधाराचं टेबल हवं, मुख्य टेबलाच्या पातळीत किंवा एखाद-दोन मिलिमीटर खाली. गाठीपाशी डाग आला तर ती गाठच आहे. तिथे लाकूड जास्त कठीण आणि रेषा उलटसुलट असतात, एवढा डाग सोसावा.

१०. फळी आधी रंधून घ्यावीच लागते का? चिरल्यावर रंधली तर चालणार नाही?

एक पृष्ठभाग सपाट आणि एक कड सरळ, एवढं आधी हवंच. सपाट बाजू टेबलावर, सरळ कड फेन्सला. पीळ असलेली फळी चिरताना डुलते आणि डुलली की पात्याला मिठी मारते. वाकडी कड फेन्सला लावली तर फळी मध्येच फेन्स सोडते, तिरपी होते आणि मागच्या दात्यांवर जाते.

पन्हळीसारख्या वळलेल्या फळीबद्दल बरेच जण विचारतात की खोलगट बाजू वर ठेवायची की खाली. वर ठेवली तर फळी डुलते. खाली ठेवली तर ती दोन कडांवर स्थिर बसते, पण चीर पूर्ण होताना दोन्ही तुकडे आतल्या बाजूला बसतात आणि पात्याला चिमटतात. म्हणून अशी जाड फळी मी टेबल सॉवर नेतच नाही. बँड सॉवर (पट्ट्यासारख्या लांब पात्याच्या उभ्या करवतीवर) ढोबळ चिरावी आणि अरुंद झालेले तुकडे सपाट करून घ्यावेत. सालीची कड असलेल्या फळीची पहिली सरळ कड हातातल्या गोल करवतीने, पट्टीच्या आधाराने काढा, किंवा फळी सरळ प्लायवुडच्या तुकड्यावर घट्ट बसवून त्या प्लायवुडची कड फेन्सला लावा.

११. रायव्हिंग नाइफ खरंच लागतो का? माझ्या जुन्या यंत्राला तो नाही.

लागतो. रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या मागे उभी असलेली, पात्याबरोबर वर-खाली होणारी पोलादी पट्टी. ती चिरेत शिरून बसते, त्यामुळे चीर मिटली तरी लाकूड पट्टीला चिमटतं, पात्याला नाही. पात्याच्या दात्यांपासून तिचं अंतर ३ ते ८ मिमी असावं.

काही वर्षांपूर्वी नाइफ नसलेल्या यंत्रावर मी बाभळीची ४५ मिमीची फळी चिरत होतो. आवाज घसरला, मी जोर वाढवला आणि हातभर लांबीचा तुकडा माझ्या कमरेशेजारून जाऊन मागच्या भिंतीवर आदळला. फेन्स पात्याच्या उजवीकडे होती आणि मी पात्याच्या रेषेच्या डावीकडे उभा होतो, म्हणून मला लागलं नाही. त्या दिवसापासून नाइफशिवाय मी उभी चीर घेतलेली नाही.

जुन्या यंत्राला नाइफ बसतच नसेल तर टेबलाच्या मधल्या झाकणपट्टीत, पात्याच्या बरोबर रेषेत, चिरेपेक्षा किंचित पातळ अशी कठीण लाकडाची किंवा धातूची पट्टी घट्ट बसवून घ्या. ती पात्याबरोबर हलत नाही, तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरी.

१२. फळी सरळ, रंधलेली, यंत्र जुळवलेलं. तरी अर्ध्यावर चीर मिटायला लागते. का?

कारण ताण लाकडाच्या आतच असतो. कललेल्या झाडाच्या खोडात झाड स्वतःला पेलण्यासाठी वेगळं लाकूड तयार करतं. कठीण लाकडाच्या झाडांत ते कलाच्या वरच्या बाजूला, ताणलेल्या अवस्थेत असतं. फांदीच्या लाकडातही हेच. दुसरं कारण भट्टीत घाईने वाळवणं, त्यात बाहेरचा थर आणि गाभा एकमेकांना ओढत राहतात. अखंड फळीत हे ताण एकमेकांना तोलून धरतात. चीर घेतली की तोल सुटतो. मग दोन तुकडे एकमेकांपासून दूर फाकतात, किंवा एकमेकांकडे येतात.

एकदा दोन मीटर लांब, ५० मिमी ओकच्या फळीत मी अर्ध्यावर यंत्र बंद करून मोजलं. पात्यापाशी चीर ३ मिमी होती आणि पुढच्या मोकळ्या टोकाला जेमतेम १ मिमी. नाइफच्या दोन्ही बाजूंना लाकूड घट्ट बसलं होतं, पातं मात्र बोटाने फिरत होतं.

अशा लाकडाला तीन उपाय. पहिला, हव्या त्या रुंदीपेक्षा ४-५ मिमी जास्त ठेवून ढोबळ चिरा, तुकडे एक-दोन दिवस हवा लागेल असे ठेवून द्या, वाकतील तेवढे वाकू द्या, मग कड पुन्हा सरळ करून अखेरची चीर घ्या. दुसरा, एकाच वेळी पूर्ण खोली न कापता दोन फेऱ्यांत कापा (प्रश्न १५). तिसरा, तुकडे फाकणारे असतील तर आखूड फेन्स लावा. मूळ फेन्सला एक जाड, सरळ लाकडी पट्टी अशी जोडा की ती पात्याच्या मध्यापाशीच संपेल. कापून झालेल्या भागाला मग उजवीकडे सरकायला जागा राहते आणि फेन्स त्याला परत पात्यावर ढकलत नाही. अखंड लाकडासाठी ही आखूड फेन्स मी कायमच लावून ठेवतो. प्लायवुडला ती नको.

१३. लाकूड मध्येच अडकलं तर त्या क्षणी काय करायचं?

मागे ओढू नका. हे आधी मनात पक्कं असलं पाहिजे, कारण हात आपोआप मागे ओढायला जातात आणि मागे ओढलेलं लाकूड थेट उसळत्या दात्यांवर चढतं. फळी खाली आणि फेन्सकडे घट्ट दाबून धरा आणि गुडघ्याने किंवा मांडीने यंत्र बंद करा. स्विच तसा हाताविना पोचेल असा नसेल तर आधी तो बदलून घ्या. पातं पूर्ण थांबेपर्यंत पकड सोडू नका.

पातं थांबल्यावर प्लग काढा. लाकडाची पाचर चिरेत हलकी ठोका, चीर उघडली की पातं खाली उतरवा आणि फळी काढून घ्या. मग कारण शोधा. चीर तिथूनच पुढे न्यायची असेल तर पाचर पात्यापासून लांब, चिरेच्या टोकाजवळ राहू द्या. पातं लाकडाला टेकलेलं असताना मोटर सुरू करायची नाही. मोटर पूर्ण वेगात आल्यावरच फळी पुढे न्या.

१४. नवं पातं लावलं. फळी वीतभर जाते आणि भिंतीला लागल्यासारखी थांबते. डाग नाही, धूर नाही.

पातं पातळ चिरेचं आहे आणि नाइफ जाड पात्याचा. नाइफ पात्याच्या धातूपेक्षा जाड आणि चिरेपेक्षा पातळ असला पाहिजे. २.५ मिमीचा नाइफ ३.२ मिमीच्या चिरेत छान बसतो, २.४ मिमीच्या चिरेत शिरूच शकत नाही. दोन्ही आकडे बहुतेक वेळा त्या त्या वस्तूवरच कोरलेले असतात, नाहीतर कॅलिपरने मोजा. मापं बरोबर असूनही थांबत असेल तर नाइफ एका बाजूला सरकला असणार. सरळ पट्टी पात्याला लावून तो रेषेत आणा.

१५. मोटर दम टाकते, मध्येच ट्रिप होते. दोन फेऱ्यांत कापू का?

आधी सोप्या गोष्टी बघा. लांब, बारीक एक्स्टेंशनमधून वीज घेतली तर ओझ्याखाली दाब उतरतो आणि मोटर तापते. बेल्ट सैल असेल तर मोटर फिरते, पातं अडखळतं. आणि पातं कोणतं आहे (प्रश्न ३)?

हे सगळं ठीक असेल तर खुशाल दोन फेऱ्यांत कापा. ५० मिमीच्या फळीला पहिली फेरी २५ ते ३० मिमी खोल, दुसऱ्या फेरीला पातं पूर्ण वर. दोन्ही वेळा तीच कड फेन्सला, तोच पृष्ठभाग खाली आणि मध्ये फेन्स हलवायची नाही. पहिल्या फेरीत ताणही थोडा मोकळा होतो. नाइफ पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असला पाहिजे, म्हणजे आरपार न जाणाऱ्या चिरेत तो आड येत नाही. झाकणासकट पात्याच्या वर येणारी जुन्या पद्धतीची पट्टी असेल तर ती काढून ही युक्ती करू नका. ते काम बँड सॉचं.

१६. ७५ मिमीपेक्षा जाड लाकूड?

१० इंची पातं सरळ उभं असताना साधारण ७९ मिमीपर्यंतच पोचतं. त्याच्या जवळपास गेलात की पातं वर काढायला जागाच उरत नाही (प्रश्न ६). मी ६० मिमीच्या पुढे बँड सॉ वापरतो. त्याची चीर बारीक असते आणि पातं लाकूड खाली टेबलावरच दाबतं, मागे फेकत नाही.

१७. पातं बोथट झालंय की नुसतं घाण झालंय, कसं ओळखायचं?

प्लग काढून पातं उजेडात धरा आणि दात्याची धार बघा. धारदार कड उजेड परतवत नाही, ती दिसतच नाही. धारेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर ती कड गोल झाली आहे, पातं धार लावायला द्या. सागात सिलिका असते. ती दात्यांवरच्या कार्बाइडसारख्या कठीण धातूचीही धार लवकर खाते, त्यामुळे साग चिरणाऱ्यांना पातं अधिक वेळा द्यावं लागतं.

आता दात्याच्या बाजू बघा. दाते पात्याच्या धातूपेक्षा दोन्हीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बाहेर असतात. पातं चिरेत मोकळं राहतं ते एवढ्याशा फटीमुळे. त्यात राळ आणि करपलेला भुसा चिकटून बसला की फट भरते आणि धारदार पातंही घासायला लागतं. पातं पसरट भांड्यात, कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा डिग्रीझर टाकून १०-१५ मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, लगेच कोरडं करा. कॉस्टिकसारखे जहाल क्लीनर आणि लोखंडी ब्रश नकोत. टेबल आणि फेन्सला सिलिकॉन नसलेलं मेण लावा. फळी सहज सरकली की वेग आपोआप एकसारखा राहतो.

१८. फेदरबोर्ड (लाकूड फेन्सला दाबून धरणारी, कंगव्यासारख्या दात्यांची फळी) कुठे लावायचा?

पात्याच्या पुढे, लाकूड अजून चिरलेलं नसतं तिथे. पात्याच्या शेजारी किंवा मागे लावला तर तो स्वतःच चीर मिटवतो.

१९. हातमोजे घालू का? आणि मास्क?

हातमोजे नको. फिरत्या पात्यात कापड अडकलं तर ते हातही ओढून नेतं. चष्मा, कानांना संरक्षण आणि धुळीचा मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. शिसवाच्या धुळीने काहींच्या त्वचेवर पुरळही येतं.

२०. ओलं लाकूड चिरलं तर चालेल का?

ओल्या लाकडाचे तंतू दात्याने दाबले की नंतर फुगून परत येतात आणि चीर अरुंद होते. भुसाही लगद्यासारखा चिकटतो. हात लागताच पातं थांबवणाऱ्या यंत्रांत आणखी एक पंचाईत आहे. ती यंत्रं शरीराची विद्युतवाहकता ओळखतात आणि ओलं लाकूडही वीज वाहून नेतं, त्यामुळे ब्रेक उगाच सुटून पातं खराब होऊ शकतं. अशी यंत्रं बोटं वाचवतात, किकबॅक थांबवत नाहीत. नाइफ तिथेही हवाच.

२१. पातं तिरकं करून जाड लाकडाची कड कापायची आहे. करपतंच.

४५ अंशांवर १० इंची पात्याची पोच ५५ मिमीच्या आसपास उरते, पण दाता लाकडातून जातो ती वाट जाडीच्या १.४ पट होते. ३५ मिमीची फळी दात्याला ५० मिमीची वाटते. फेन्स अशा बाजूला ठेवा की पातं फेन्सपासून दूर झुकलेलं असेल. फेन्सकडे झुकलेल्या पात्याखाली तुकडा कोंडला जातो. मी आधी कड ९० अंशांत जास्तीची ठेवून चिरतो, मग तिरकी चीर दोन फेऱ्यांत घेतो, दुसऱ्या फेरीत एखादा मिलिमीटरच काढायला उरेल अशी.

२२. पडलेले डाग कसे काढायचे?

सँडपेपरने सुरुवात करू नका. करपलेला थर कडक असतो, शेजारचं लाकूड आधी झिजतं आणि डागाभोवती खड्डा होतो. रंध्याने किंवा जॉइंटरवर (कड सरळ करणाऱ्या रंधा-यंत्रावर) अर्धा मिलिमीटर काढा. गोलाईच्या कडेला धारदार स्क्रॅपर (खरवडायची पोलादी पट्टी) चालतो. डिंक लावायच्या कडेवर तर डाग ठेवूच नका, करपलेलं लाकूड डिंक नीट शोषत नाही.

पुढच्या वेळी डाग टाळायचा असेल तर पहिली चीर १ मिमी जास्त ठेवून घ्या आणि अखेरच्या फेरीत तेवढाच काढा. त्या फेरीत पात्याला काम थोडं असतं, म्हणून हात न थांबवता एका दमात ढकला. पॉलिश करण्यापूर्वी कड ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात पाहा. कोरड्या लाकडावर न दिसलेली फिकट तपकिरी कमान तेव्हा उठून दिसते आणि पॉलिशखाली ती याहून गडद होते.